दोन सशांची भाऊबंदकी

स्कॉटलंडच्या डोंगरांतले काही फोटो हल्ली दर हिवाळ्यात मोबाइलवर फिरतात. कोरडी, तपकिरी टेकडी, बर्फाचा पत्ता नाही, आणि त्या उघड्या उतारावर अंग चोरून बसलेला एक पांढराशुभ्र ससा. इतका पांढरा की समोरच्या डोंगरावरूनही दिसावा. फोटोखालचे प्रश्न ठरलेले असतात. कुणी पाळलेला ससा आणून सोडला आहे का? जन्मतःच रंगहीन आहे का? आजारी आहे का?

यातलं काहीच नाही. तो डोंगरी ससा आहे, इंग्रजीत माउंटन हेअर. अंगावर हिवाळ्याची लव आली आहे आणि बर्फ आलेलं नाही, एवढंच. पण त्याची अडचण बर्फापाशी संपत नाही. युरोपात ठिकठिकाणी त्याच्या हद्दीत त्याचाच एक थोराड भाऊबंद शिरतो आहे. तो तपकिरी ससा, म्हणजे ब्राउन हेअर. एखादी प्रजाती नाहीशी होते म्हटलं की बंदूक, सापळा नाहीतर कुऱ्हाड डोळ्यांसमोर येते. इथे यातलं काही न होताही एक प्रजाती मागे हटू शकते. ते कसं, हे कळण्यासाठी आधी हे दोघे नीट ओळखायला हवेत.

## पिंजऱ्यातला ससा वेगळा

लाल डोळ्यांचा, पिंजऱ्यात मिळणारा पांढरा ससा या गोष्टीत कुठेच नाही. तो रॅबिट. मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, जमिनीत बिळं करून राहणारा, माणसाने पाळीव केलेला. त्याची पिल्लं उघडी, डोळे मिटलेली जन्मतात.

आपल्या माळावर रात्री गाडीच्या उजेडात आडवा पळतो तो रानससा म्हणजे हेअर. त्याला बीळ नसतं. गवतात अंगाच्या मापाचा उथळ खळगा करून तो दिवसभर दबून बसतो. त्याची पिल्लं केसाळ आणि उघड्या डोळ्यांची जन्मतात. मानेवर काळा डाग असलेला आपला रानससा आणि युरोपातले हे दोघे एकाच ‘लेपस’ गटातले. रॅबिटच्या पेशीत ४४ गुणसूत्रं असतात, या दोन्ही सशांच्या पेशीत ४८. रॅबिट आणि ससा यांची सरमिसळ होत नाही. डोंगरी आणि तपकिरी सशांची मात्र होते, आणि सगळा गुंता तिथेच आहे.

## समोर बसला तर ओळखायचा कसा?

उत्तरेकडच्या हिवाळ्यात प्रश्नच नाही, कारण पांढरा तो डोंगरी. तपकिरी ससा थंडीत थोडा करडा होतो, पांढरा होत नाही. खरी परीक्षा उन्हाळ्यात, कारण तेव्हा दोघेही मातकट दिसतात.

सगळ्यात भरवशाची खूण शेपूट. डोंगरी सशाची शेपूट आखूड आणि जवळपास पूर्ण पांढरी, उन्हाळ्यातही. तपकिरी सशाची शेपूट खालून पांढरी पण वरून काळी, आणि पळताना तो ती खाली ठेवतो, त्यामुळे मागून काळा पट्टा स्पष्ट दिसतो. मग कान. तपकिरी सशाचा कान पुढे दुमडला तर नाकाच्या पुढे जातो, डोंगरी सशाचा जेमतेम नाकापर्यंत पोचतो. दोघांच्याही कानांची टोकं काळी. डोंगरी ससा हिवाळ्यात पांढरा झाला तरी ती काळी टोकं तशीच राहतात, आणि बर्फात तो दिसला तर बहुधा त्या दोन ठिपक्यांमुळेच दिसतो.

अंगकाठीही वेगळी. तपकिरी ससा लांबट, उंच टांगांचा, मोकळ्या शेतात सुसाट पळण्यासाठी घडलेला, वजन तीन ते पाच किलो. लव पिवळसर तांबूस, पाठीवर काळे केस मिसळलेले, डोळे मधाच्या रंगाचे. डोंगरी ससा गोलसर, आटोपशीर, वजन साधारण अडीच ते साडेतीन किलो, उत्तरेकडे थोडं जास्त. त्याचे मागचे पाय बघण्यासारखे असतात. अंगाच्या मानाने रुंद पंजे, बोटं फाकवता येतात आणि तळव्यांना दाट केस. भुसभुशीत बर्फावर तो न रुतता चालतो. तपकिरी ससा तिथे पोटापर्यंत फसतो.

खाण्यातही हाच फरक. तपकिरी सशाला गवत आणि पिकं लागतात. गवतावर खोल बर्फ साचलं की त्याचे हाल सुरू होतात. डोंगरी ससा बर्च आणि विलो या झाडांच्या डहाळ्या, साल, हेदरची खुरटी झुडपं यांवर अख्खा हिवाळा काढतो. इतक्या कमी कसाच्या अन्नावर जगणं ही त्याची खरी कमाई आहे. त्यात दोघांनाही एक सवय उपयोगी पडते. पहिल्या फेरीत निघालेल्या मऊ लेंड्या ससे पुन्हा खातात आणि त्यातलं उरलेलं सत्त्व दुसऱ्या फेरीत काढून घेतात.

## तपकिरी सशाची घाई

पिल्लांच्या बाबतीत तपकिरी ससा पुढे आहे. तपकिरी मादी साधारण ४२ दिवसांत विते, डोंगरी मादीला ५० दिवस लागतात. वर्षातून तपकिरी मादीची तीन-चार वेतं होऊ शकतात. उत्तरेच्या छोट्या उन्हाळ्यात डोंगरी मादीची बहुधा त्याहून कमी होतात.

त्यात तपकिरी मादीकडे आणखी एक युक्ती आहे, आणि सशांबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त चकित केलं ते हिने. पोटातली पिल्लं जन्मायला तीन-चार दिवस उरलेले असतानाच ती पुन्हा नराकडे जाते आणि पुन्हा गर्भ राहतो. नवे गर्भ गर्भाशयात जात नाहीत, तिथे आधीची भावंडं असतात. ते बीजवाहिनीत थांबतात. जुनी पिल्लं बाहेर आली, जागा रिकामी झाली, की नवे खाली उतरून रुजतात. बर्लिनच्या लायबनिझ संस्थेतल्या संशोधकांनी सोनोग्राफीने हे प्रत्यक्ष दाखवलं आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. यात दर वेतामागे चार दिवस वाचतात. चार दिवस म्हणजे फार वाटत नाही, पण पिल्लं वाढवायला मोजकेच महिने मिळतात तिथे एखादं वेत जास्त बसतं की नाही हे त्यावरच ठरतं.

## कोण कुठला?

डोंगरी ससा हिमयुगाचा वारसदार. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये त्याला ‘लेपस टिमिडस’ हे शास्त्रीय नाव दिलं. तपकिरी सशाला स्वतःचं नाव मिळालं ते वीस वर्षांनी, १७७८ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पल्लासकडून: ‘लेपस युरोपियस’. युरोपचा बराच भाग बर्फाखाली आणि उरलेला गारठलेल्या माळासारखा होता तेव्हा डोंगरी ससा पार स्पेनपर्यंत पसरलेला होता. बर्फ हटलं तसा तो उत्तरेला सरकला आणि वर चढला. आज तो स्कँडिनेव्हियापासून रशियामार्गे जपानच्या होक्काइडो बेटापर्यंत सलग आढळतो. शिवाय आल्प्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड इथे त्याची तुटक बेटं उरली आहेत.

तपकिरी ससा मोकळ्या गवताळ मैदानांचा. माणसाने जंगलं तोडून शेती केली आणि नकळत त्याच्यासाठी रस्ता मोकळा केला. पुढे तर शिकारीसाठी माणसाने त्याला उचलून नेलं. ब्रिटनमध्ये तो प्राचीन काळीच नेला गेला, दक्षिण स्वीडनमध्ये आणि आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात. अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलियातही तो असाच पोचला. फिनलंडमध्ये मात्र कुणी नेला नाही. आग्नेयेकडून तो स्वतःच शिरला, आणि हिवाळे सौम्य होत गेले तसा गेल्या काही दशकांत आणखी उत्तरेला पोचला. आल्प्समध्येही तो वर चढतो आहे. तिथे डोंगरी ससा त्याच्याही वर जाईल, पण शिखराच्या वर जागा नसते.

## पांढरा होतो कसा, आणि वेळ का चुकते?

अंगावरचा तपकिरी केस पांढरा होत नाही. शरद ऋतूत जुने केस गळतात आणि त्यांच्या जागी रंगद्रव्य नसलेले नवे केस उगवतात. वसंतात उलटं. मधले काही आठवडे ससा ठिगळं लावल्यासारखा दिसतो.

हा बदल सुरू कधी करायचा, हे शरीर ठरवतं ते दिवसाच्या लांबीवरून. रात्र मोठी होऊ लागली की मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक जास्त वेळ स्रवतं आणि त्वचेपर्यंत निरोप जातो. तापमानाचा थोडा परिणाम होतो, पण मुख्य सूत्र उजेडाचं.

आपल्याकडे मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं. पंचांगातली ती तारीख हलत नाही. पाऊस मात्र कधी वेळेवर येतो, कधी तीन आठवडे उशिरा. आभाळाकडे न बघता निव्वळ मृगाच्या तारखेवर पेरून मोकळा होणाऱ्या शेतकऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. डोंगरी सशाचं शरीर असंच तारखेवर पेरतं. नोव्हेंबरातल्या दिवसाची लांबी हजार वर्षांपूर्वी होती तेवढीच आजही आहे. बर्फ तेवढं राहिलेलं नाही.

स्कॉटलंडमधल्या जुन्या नोंदी आणि अलीकडची निरीक्षणं जुळवून केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. साठेक वर्षांत तिथले बर्फाचे दिवस वर्षाला सुमारे ३७ ने कमी झाले, पण सशांचं लव बदलण्याचं वेळापत्रक जागचं हललं नाही. परिणामी उघड्या जमिनीवर पांढऱ्या अंगाने वावरण्याचे दिवस वर्षाला सुमारे ३५ ने वाढले.

‘मग पांढरा झालेला ससा बर्फ शोधून तिथे जाऊन बसत नाही का?’ हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर अमेरिकेतल्या स्नोशू हेअर या तिसऱ्या प्रजातीवर मोंटाना राज्यात हे तपासलं गेलं. रंग जुळत नसलेले ससे जास्त लपत नव्हते, लवकर पळतही नव्हते. आपण उठून दिसतो आहोत याची त्यांना जाणीव असल्याचं वागण्यातून दिसलं नाही. रंग अजिबात जुळत नसेल तर आठवडाभर जगून राहण्याची शक्यता जास्तीत जास्त सात टक्क्यांनी घटते, असंही तिथे आढळलं. हिवाळ्यात असे आठवडे एकामागून एक येत गेले की तोटा साचत जातो. स्कॉटलंडमध्ये सोनेरी गरुड आणि कोल्हा आहेत, पण लिंक्स, लांडगा असे मोठे शिकारी उरलेले नाहीत, त्यामुळे तिथे हा फटका कदाचित सौम्य बसत असेल.

## थंडीचा प्राणी आहे, ऊन वाढलं की जाणारच ना?

अनेकजण इथेच थांबतात: हवामान तापलं, बर्फातला ससा संपला, गोष्ट खलास. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेला अर्धा भाग आयर्लंडमध्ये सापडतो.

आयर्लंडमध्ये बर्फ क्वचितच टिकतं. तिथला मूळचा ससा डोंगरीच, पण हिवाळ्यात तो सहसा पांढरा होत नाही, तांबूस तपकिरी राहतो. डोंगरातच नाही, समुद्रकाठच्या सपाट कुरणांतही राहतो आणि गाई-मेंढ्यांच्या शेजारी गवत खातो. म्हणजे डोंगरी सशाला जगायला थंडी लागतेच असं नाही. हजारो वर्षं आयर्लंडमध्ये तपकिरी ससा नव्हता, म्हणून सखल कुरणांची जागा याला मिळाली. दक्षिण स्वीडनमध्येही तपकिरी ससा येण्याआधी डोंगरी ससाच सखल भागात होता, आणि तो आल्यानंतर तिथला डोंगरी ससा ओसरत गेला.

माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वात महत्त्वाची गोष्ट ही आहे. कडाक्याची थंडी आणि खोल बर्फ डोंगरी सशाची गरज कमी आणि संरक्षण जास्त आहे. त्या बर्फाने तपकिरी सशाला बाहेर अडवून धरलेलं असतं. बर्फ कमी झालं की डोंगरी सशाचा रंग उघडा पडतोच, पण त्याहून मोठं म्हणजे दार उघडं पडतं.

## दार उघडलं की नेमकं काय होतं?

पहिली गोष्ट सरळ आहे. चांगल्या कुरणावर मोठा ससा लहान सशाला मागे सारतो. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, आणि तीच जास्त गंभीर आहे.

विणीच्या काळात नर मादीमागे धावतात. वसंतात मागच्या पायांवर उभं राहून ‘बॉक्सिंग’ करणाऱ्या सशांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. तपकिरी सशांमध्ये ते बहुतेक वेळा नर-मादी असतात, आणि मादी नराला फटकावून दूर ठेवत असते. या धावाधावीत थोराड तपकिरी नर डोंगरी नरांवर भारी पडतो. डोंगरी मादीला तपकिरी नरापासून पिल्लं होतात. उलटी जोडी, म्हणजे तपकिरी मादी आणि डोंगरी नर, क्वचित जुळते. संकरातून झालेल्या माद्या मोठ्या झाल्या की बहुधा पुन्हा तपकिरी नरांशीच जुळतात. दोन-तीन पिढ्यांत ते घराणं दिसायला पूर्ण तपकिरी होतं.

एका मादीचं वर्ष धरून बघा. समजा एका डोंगरी मादीची उन्हाळ्यात दोन वेतं होतात. त्यातलं एक तपकिरी नराचं निघालं, तर डोंगरी सशांच्या पुढच्या पिढीतून तिचं निम्मं योगदान वजा झालं. ती जिवंत आहे, धडधाकट आहे, पिल्लंही वाढवते आहे, कुणी कुणाला मारलेलं नाही. तरी डोंगरी सशांची संख्या घटली. तपकिरी सशांना उलट फुकटचं एक वेत मिळालं. जिथे डोंगरी ससे हजारो आहेत आणि तपकिरी मोजके, तिथे हे पचून जातं. जिथे प्रमाण उलटं झालं, तिथे दरवर्षी जास्तीत जास्त माद्या अशा ‘खर्च’ होत जातात.

याचा पुरावा कुठून मिळतो? जवळपास प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारा मायटोकाँड्रिया नावाचा भाग असतो. त्याचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. स्वीडन आणि फिनलंडमध्ये दिसायला अस्सल तपकिरी असलेल्या अनेक सशांमध्ये डोंगरी सशाचा मायटोकाँड्रियल डीएनए सापडतो. म्हणजे आईची आई, तिची आई असं मागे जात राहिलं की कुठेतरी एक डोंगरी मादी आहे. फिनलंडमधल्या अभ्यासांसाठी बरेचसे नमुने शिकाऱ्यांनी पुरवले. संकरित ससा नुसत्या नजरेने ओळखणं फार बेभरवशाचं आहे, त्यामुळे मांसाचा नाहीतर कानाचा तो छोटासा तुकडा लाखमोलाचा ठरतो.

## पिल्लं होतात, तर या दोन प्रजाती कशा?

‘वेगवेगळ्या प्रजातींची पिल्लं वांझ असतात’ असं शाळेत शिकल्याचं अनेकांना आठवतं. ते उदाहरण खेचराचं. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराच्या वाट्याला ६३, आणि त्यांची जोड्यांमध्ये नीट वाटणी होत नाही. सशांमध्ये दोन्हीकडे ४८ आहेत, म्हणून संकरित पिल्लांना पुढे पिल्लं होऊ शकतात.

तरी या दोन प्रजातींच्या वंशावळी लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या आहेत. एकाला हिवाळ्यात साल पचते, पाय बर्फावर तरंगतात, लव ऋतूप्रमाणे बदलते, गर्भ ५० दिवस वाढतो. दुसऱ्याचं सगळं वेगळं. ही गुणांची मोट पिढ्यान्‌पिढ्या एकत्र बांधलेली राहते, अधूनमधून संकर होऊनही. प्रजाती ठरवताना जीवशास्त्रज्ञ हे सगळं एकत्र बघतात. पूर्ण बंद दार ही अट लावली तर लांडगा आणि त्याचा अमेरिकेतला भाऊबंद कोयोटी यांनाही एकच म्हणावं लागेल.

## निसर्गच मिसळतो आहे, तर मिसळू द्या की!

या आक्षेपात दम आहे, आणि तो घाईने झटकून टाकू नये. कारण सशांच्या इतिहासात मिश्रणाने भलंही केलेलं आहे.

अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर ससे नव्हतेच. १८५५ मध्ये नॉर्वेहून थोडे डोंगरी ससे तिथे आणले गेले. सुरुवातीला ते हिवाळ्यात पांढरे व्हायचे. पण फेरोची हवा समुद्री, बर्फ टिकत नाही. पांढरे ससे उघडे पडत गेले आणि काही दशकांत बेटावरचे सगळे ससे हिवाळ्यातही करडेच राहू लागले. ही किमया ‘अगुटी’ नावाच्या जनुकाची. जनुक म्हणजे आईबापांकडून येणारी शरीरबांधणीची एकेक सूचना, आणि अगुटी ही केसाला गडद रंग भरू नको असं सांगणारी सूचना आहे. तिचा एक वेगळा पाठ, म्हणजे थोडी बदललेली आवृत्ती, असेल तर हिवाळी केस पांढरा होत नाही. २०१९ मध्ये डीएनए तपासणीतून कळलं की फेरोच्या सशांमधला हा पाठ मुळात डोंगरी सशाचा नाही. फार पूर्वी कधीतरी आयबेरियन ससा या दक्षिणेकडच्या प्रजातीशी झालेल्या संकरातून तो आलेला आहे. नॉर्वेच्या सशांमध्ये तो तुरळक होता. फेरोवर गरज पडली तेव्हा कामाला आला.

अमेरिकेतल्या स्नोशू हेअरचीही हीच कहाणी. पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या कमी बर्फाच्या पट्ट्यात हिवाळ्यात तपकिरीच राहणारे स्नोशू ससे आहेत. त्यांचा अगुटीचा पाठ काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिटकडून आल्याचं २०१८ मध्ये दाखवलं गेलं. नावात रॅबिट असलं तरी तोही लेपस गटातला ससाच.

मग हे चांगलं आणि आज स्वीडन-फिनलंडमध्ये होतंय ते वाईट, असं का?

एक तर दिशा. फेरोच्या कहाणीत डोंगरी सशाला काहीतरी मिळालं. आज उत्तर युरोपात जनुकं मुख्यतः डोंगरीकडून तपकिरीकडे वाहत आहेत. देणारा देतोच आहे आणि त्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. दुसरं, वेग. ते जुने संकर फार पूर्वीचे. उपयोगी तेवढं टिकायला आणि बाकीचं गळून जायला भरपूर पिढ्या मिळाल्या. आजचा ओघ काही दशकांचा आहे. तिसरं, आणि मला सगळ्यात पटणारं कारण: फेरोवर जादू चालली कारण आणलेल्या सशांमध्ये तो तुरळक पाठ कुणाच्या तरी अंगात होता. तुरळक गोष्टी मोठ्या कळपातच टिकतात. डोंगरी सशांची संख्या रोडावली, त्यांची बेटं तुटली, की असे पाठ हरवतात, आणि उद्या हिवाळा बदलेल तेव्हा निवडायला काही उरत नाही.

‘पण त्यांची जनुकं तर तपकिरी सशात जिवंत राहतील,’ असंही म्हटलं जातं. राहतील. उत्तर स्पेनमधून डोंगरी ससा हिमयुगानंतर पूर्ण नाहीसा झाला, आणि तिथल्या आयबेरियन सशांच्या पेशींत त्याचा मायटोकाँड्रियल डीएनए आजही सापडतो. संशोधकाला त्याचा आनंद होतो, मलाही होतो. पण तो डीएनए बाळगणारा ससा बर्फावर चालत नाही, बर्चची साल खाऊन फेब्रुवारी काढत नाही आणि गरुडाच्या घरट्यात डोंगरी सशाची जागा भरत नाही.

## बंदुकीचा हिशेब

सगळा दोष तपकिरी सशावर आणि हवामानावर ढकलणंही बरोबर नाही. स्कॉटलंडच्या पूर्व हायलँड्स या डोंगराळ भागात तपकिरी सशाने नव्हे, माणसाने डोंगरी ससा संपवत आणला. तिथल्या माळांवर ग्राउस या पक्ष्याची शिकार हा मोठा व्यवसाय आहे. गोचिडींतून पसरणारा एक विषाणू या पक्ष्यांना मारतो, आणि ससे त्या गोचिडींना पोसतात, या कारणाने सशांची सरसकट कत्तल होत आली. निसर्गअभ्यासक अ‍ॅडम वॉटसन १९५० च्या दशकापासून हे ससे मोजत होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींनुसार ग्राउसच्या माळांवर सशांची संख्या सुरुवातीच्या एक टक्क्याहूनही खाली आली. त्यानंतर स्कॉटलंडच्या संसदेने २०२० मध्ये कायदा केला, आणि १ मार्च २०२१ पासून परवान्याशिवाय डोंगरी ससा मारणं हा गुन्हा आहे. नवी रोपं कुरतडली जात असतील तर वनमालकाला परवाना मागता येतो. मला हा मध्यम मार्ग योग्य वाटतो. झाडं वाचवायलाच हवीत, पण नुकसान दाखवल्याशिवाय बंदूक उचलता येऊ नये.

आयर्लंडचा प्रश्न जास्त अवघड. बाहेरून आणलेला तपकिरी ससा उत्तर आयर्लंडमध्ये काही भागांत पसरला आहे आणि मूळच्या सशाशी त्याचा संकर झाल्याचं डीएनएतून दिसलं आहे. तपकिरी ससा तिथून हटवावा असं म्हणणारे आहेत. पण आयरिश डोंगरी ससा हिवाळ्यातही तपकिरीच, संकरित ओळखू येत नाहीत, आणि संध्याकाळच्या उजेडात शंभर पावलांवरून शेपटीचा वरचा रंग कुणाला नीट दिसणार? घाईत मूळचाच मारला जाण्याची भीती खरी आहे. म्हणून आधी डीएनए घेऊन नकाशा करावा, तपकिरी सशाची पुढे सरकणारी कड कुठे आहे ते शोधावं आणि तिथेच लक्ष घालावं. शिकारीसाठी एका भागातले ससे उचलून दुसऱ्या भागात सोडणं तर सगळीकडे ताबडतोब थांबायला हवं. आजचे कितीतरी पेच त्यातूनच सुरू झाले.

## एडिंबरा, स्टॉकहोम, हेलसिंकीत राहणाऱ्यांसाठी

या शहरांच्या आसपास राहणारे मराठी वाचक आता बरेच आहेत. तुम्हाला ससा दिसला तर त्याची नोंद खरोखर उपयोगी पडते. दोन प्रजातींची सीमा कुठे सरकते आहे, हे अशा विखुरलेल्या नोंदींतूनही कळतं. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर फोटो, तारीख आणि ठिकाण टाका. जवळ जाऊ नका. हिवाळ्यात उठवलेला ससा पळण्यात जी ताकद घालवतो ती डहाळ्या खाऊन लवकर भरून येत नाही. गवतात एकटं पिल्लू दिसलं तर उचलून घरी आणू नका. ते पोरकं नाही. आई दिवसभर मुद्दाम लांब राहते आणि सूर्यास्तानंतर एकदाच येऊन काही मिनिटांत पाजून जाते.

फोटो मागून मिळाला तरी चालेल, उलट बरंच, कारण शेपूट दिसते. जमीनही चौकटीत येऊ द्या, म्हणजे त्या दिवशी तिथे बर्फ होतं की नव्हतं हे बघणाऱ्याला कळेल.